उदाहरणाला उभी

तुमच्या दहाव्याला माईकवरून माझी गोष्ट सांगितली गेली. महाराजांचं प्रवचन संपलं, पुढारी बोलून झाले, आणि मग तुमचा एक जुना विद्यार्थी उठला. आता कुठेतरी मोठा साहेब आहे म्हणे. पांढरा शर्ट, रडून लाल झालेले डोळे. तो म्हणाला, इंग्रजीत दुसऱ्याकडून काम करवून घ्यायची जी क्रियापदं असतात ना, ती मला आजही झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. कारण सरांनी ती आम्हाला फळ्यावर शिकवली नाहीत. सर आतून काकूंना हाक मारायचे, त्यांना झाडू मारायला लावायचे आणि आम्हाला म्हणायचे, बघा, हे ‘मेक’.

नदीकाठी बसलेली सगळी माणसं हसली. दहाव्याला हसावं तशी, जरा खाली बघून, पण हसली. मी बायकांत बसले होते. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मला हुंदका आला. ती माझी पाठ चोळत राहिली.

मला हुंदका आला नव्हता. मला एवढंच वाटलं, की तुम्ही आता राख होऊन पाण्यात गेलात आणि मी अजून त्या खोलीत झाडू घेऊन उभीच आहे.

त्याच माईकवर आपला नितीन बोलला. त्याला नीट बोलता येत नव्हतं, आवाज भरून आला होता. तो म्हणाला, बाबांचा क्लास मी बंद पडू देणार नाही, बाबांच्याच पद्धतीनं चालवीन. माणसांनी माना डोलावल्या. मी कोमलकडे पाहिलं. आपली सून बिचारी उन्हात उभी राहून म्हाताऱ्या बायकांना पाणी देत होती. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. बाबांच्याच पद्धतीनं म्हटल्यावर झाडू आता कोणाच्या हातात येणार, ते मला तिथेच दिसलं.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनात भांडते आहे. आज घरात कोणी नाही, म्हणून लिहिते. तोंडाने मला कधी भांडता आलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत.

लग्न ठरवताना माझ्या भावाने तुम्हाला सांगितलं होतं, "पोरगी लाजाळू हाय, पर कामाला वाघ हाय." तुम्ही दोन्ही गोष्टी बरोबर लक्षात ठेवल्यात. आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच, पुढची ओढ्यापलीकडे, म्हणून माझं शिक्षण चौथीलाच राहिलं. चार बायका जमल्या तरी माझे शब्द घशात अडकतात. अशी बाई तुम्ही घरच्याच क्लासच्या, पोरांनी भरलेल्या खोलीत नेऊन उभी केलीत.

पहिल्यांदा हाक मारलीत तेव्हा मी घरात नवी होते. मला वाटलं तुम्हाला पाणी हवंय. मी तांब्या घेऊन बाहेर आले, तर सगळी पोरं उठून उभी राहिली. तुम्ही माझ्या हातातला तांब्या काढून खिडकीत ठेवलात आणि हातात झाडू दिलात. काय चाललंय ते मला कळेना. तुम्ही मोठ्याने, रागावून काहीतरी इंग्रजीत म्हणालात. मी घाबरले आणि झाडायला लागले. पोरं हसली. तुम्ही पोरांकडे वळून म्हणालात, "आय मेड माय वाइफ स्वीप द फ्लोअर." पोरांनी ते एका सुरात म्हटलं. बाहेर रस्त्यावर गुरांच्या बाजाराचे टेम्पो उभे होते, त्यांतले बैल ओरडत होते, आणि आत पोरं तेच वाक्य परत परत म्हणत होती. मी झाडतच होते. थांब म्हणायचं तुम्ही विसरलात.

नंतर ते दरवर्षीचं झालं. तो धडा यायचा दिवाळीच्या सुट्टीनंतर. पुढच्या वर्गातली पोरं मागच्यांना आधीच सांगून ठेवायची, त्यामुळे सुट्टी संपली की कोणीतरी विचारायचंच, सर, काकू कधी येणार?

ती चार वाक्यं मला पाठ आहेत. पहिलं मेक. समोरच्याच्या मनात नसताना त्याला करायला लावणं म्हणजे मेक, असं तुम्ही समजावून सांगायचात. मनात नसताना, हे माझ्यासमोर, माझ्याकडे बोट करून. मी जी जमीन झाडायची ती सकाळी पोरं यायच्या आधी मीच झाडलेली असायची. मग गेट. समोरच्याला गोडीत घेऊन, समजावून करवून घेणं. तुम्ही आवाज एकदम मऊ करायचात, "अगं, जरा पाणी आणतेस का गं? दमलो बघ मी आज." मी पाणी आणायची. पोरं वाक्य लिहायची आणि त्यात हमखास चुकायची. मग तुम्ही म्हणायचात, गोडीत घ्यायचं तर मध्ये ‘टू’ लागतो, नुसत्या गेटने बायको उठत नाही. पोरं पोट धरून हसायची.

त्या मऊ आवाजात तुम्ही माझ्याशी वर्षातून एकदाच बोलायचात. त्याच दिवशी, त्याच खोलीत, पोरांना ऐकू जावं म्हणून. मला तो आवाज आवडायचा. दिवाळी झाली की मी त्या आवाजाची वाट बघायची, हे तुम्हाला मी मरेपर्यंत सांगितलं नसतं. तुम्ही मरेपर्यंत सांगितलं नाही.

मग हॅव. त्यात जबरदस्ती नाही आणि विनवणीही नाही, ते आपलं रोजचं, सांगितलं की झालंच पाहिजे असं. त्याला तुम्ही बोलायचातही नाही. खडूने माखलेलं बोट फळ्याकडे करायचात आणि मी फळा पुसायची. शेवटी लेट. लेट म्हणजे करू देणं, परवानगी. तुम्ही दाराकडे हात करायचात. आय लेट हर गो. मी आत यायची आणि मागे टाळ्या पडायच्या. चार वाक्यांत मला परवानगी एकच मिळायची, स्वयंपाकघरात परत जाण्याची.

आणि त्या चारांत माझं नाव कधी आलं नाही. आधी माय वाइफ, मग हर. एकदा एका मुलीने विचारलं होतं, सर, काकूंचं नाव घालून वाक्य केलं तर चालेल का? तुम्ही म्हणालात, चालेल, पण परीक्षेत नाव येत नाही.

तुम्हाला बाहेरचं माहीत नव्हतं. मी गिरणीत दळण घेऊन उभी असले की कोपऱ्यातली पोरं हळूच म्हणायची, "आय मेड हर," आणि एकमेकांना कोपर मारायची. चांगली पोरं होती, वाईट नव्हती. पुढे येऊन दळणाचा डबाही उचलू लागायची. पण मी गिरणीला दुपारी जायला लागले, गर्दी नसताना. तुम्ही एकदा विचारलंत, भर उन्हात कशाला जातेस? मी म्हटलं, नंबर लवकर लागतो.

बाजाराच्या दिवशी पोरांचे बाप आपल्या ओट्यावर येऊन बसायचे. एकदा म्हशींच्या व्यवहारातला एक दलाल बसला होता, त्याचा मुलगा तुमच्याकडे दहावीला होता. त्याने दारातून सगळं पाहिलं. धडा संपल्यावर तो म्हणाला, "सर, बाजारात आमी म्हैस चालवून दाखवितो ना गिऱ्हाइकाला, तसंच झालं की हे." बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने जीभ चावली. आत येऊन मला म्हणाला, "वहिनी, तोंडातून गेलं, पाय धरतो." खरंच वाकला तो. तो लाजला आणि तुम्ही हसलात. रात्री जेवताना तुम्ही पुन्हा ते आठवून हसलात, म्हणालात, काय बोलला बघ, अडाणी माणूस पण उदाहरण अचूक दिलं.

हे सगळं मी गिळलं. एक मात्र गिळता आलं नाही, तेच आज लिहायला बसले आहे.

माझे वडील गेले त्या वर्षी. माहेरचे दिवस उरकून मी नुकतीच आले होते. डोळे सुजलेले, अन्न जात नव्हतं. तुम्ही मला काही बोलला नाहीत, कामही सांगितलं नाहीत, दोन वेळा चहा तुम्हीच केलात. ते मी विसरले नाही. मग तो धडा आला. मला वाटलं या वर्षी हाक येणार नाही. हाक आली. मी हात पुसून बाहेर गेले. तुम्ही पोरांना म्हणालात, आज नवं उदाहरण देतो, मेकचंच, पण कामाचं नाही. आणि तुम्ही तुमच्या शाळेच्या हेडमास्तरांसारखे चालायला लागलात, पोट पुढे काढून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. घरी तुम्ही ती नक्कल केली की मला हसू आवरायचं नाही, हे तुम्हाला माहीत होतं. पोरं हसली. मी नाही हसले. तुम्ही परत केलंत. सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती, फळ्याकडे बघावं तशी. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि हळू म्हणालात, "हस की."

मी हसले. कसं हसले मला माहीत नाही. तुम्ही मोठ्याने म्हणत फळ्यावर लिहिलंत, आय मेड हर लाफ. पोरांनी उतरून घेतलं. कोणाकोणाच्या वहीत त्या दिवशी मी हसले आहे.

तुम्हाला काय वाटलं होतं, ते मी पुष्कळदा शोधलं. कदाचित तुम्हाला खरंच मला हसवायचं असेल. घरात तुम्हाला ते जमत नसेल, तुम्हाला माझ्याजवळ बसून बोलायला येत नसेल, म्हणून वर्गात केलं असेल. वर्गात तुम्हाला सगळं यायचं. असं असेल तर मी तुमच्यावर अन्याय करते आहे. पण असं होतं तर नंतर आत येऊन एकदा तरी सांगायचं होतं. तुम्ही आत आलात ते हात धुवायला. म्हणालात, आजचा तास रंगला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलवर शाळेला निघाला होतात तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्साला मला बोलवू नका." तुम्ही थांबलात. रागावला नाहीत. म्हणालात, "अगं, मी तासभर घसा फोडला तरी त्यांच्या डोक्यात शिरत नाही. तू दोन मिनिटं येतेस आणि शिरतं. खरं सांगू? माझ्यापेक्षा तू चांगली शिकवतेस." आणि गेलात. मी दिवसभर खुशीत होते. मला वाटलं, कोणीतरी माझं काहीतरी मानलं. संध्याकाळी भाकरी थापताना हात थांबला. पोरांना हेच तर शिकवता तुम्ही, गोडीत घेऊन करवून घेणं. पुढच्या वर्षी हाक आली आणि मी गेले.

वाईट माणूस नव्हतात तुम्ही. हे मला कोणी सांगायची गरज नाही, मीच सांगते. दारूचा थेंब नाही, हात उगारला नाही. माझा चष्मा तुम्ही माझ्या आधी ओळखलात. तांदूळ निवडताना मी ताट लांब धरते म्हणून दुसऱ्याच दिवशी नगरला घेऊन गेलात. आणि नववीतल्या त्या मुलीच्या बापाकडे तुम्ही किती खेपा घातल्यात. लग्न ठरवलं होतं तिचं. तुम्ही वस्तीवर जाऊन बाजेवर बसून राहायचात, चहा घ्यायचा नाहीत, म्हणायचात, तिला शिकू द्या, मग चहा घेतो. शेवटी बापच कंटाळला. ती आज नर्स आहे. तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तीच धावपळ करत होती. तिने माझे पाय धरले तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला. आणि त्याच घटकेला मनात आलं, दुसऱ्याच्या मुलीला शिकू द्या म्हणून तुम्ही उन्हातान्हात फिरलात. मी एकदा म्हटलं होतं, मला ते एबीसीडी तरी शिकवा, दुकानावरच्या पाट्या वाचता येतील. तुम्ही पेपर तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "तू येतेसच की वर्गात."

बरोबर होतं. येतच होते.

मग तुमच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. लोक म्हणायचे, सरांची वाचा जावी हा केवढा अन्याय. मी तुम्हाला उठवायची, बसवायची, भरवायची, औषध पाजायची, कुशीवर वळवायची. तुम्हाला राग यायचा. चमचा पुढे केला की तोंड मिटून घ्यायचात, आणि मी आवाज मऊ करायची, घ्या की थोडं, माझ्यासाठी घ्या. तेव्हा घ्यायचात. तुमच्याकडे शेवटी डावा हात तेवढा उरला. त्याचं एक बोट उचलायचात, पंख्याकडे, पाण्याकडे, खिडकीकडे. मी उठून करायची. जीभ गेली, निम्मं अंग गेलं, तरी बोट राहिलं तुमचं. त्या दिवसांत मला वाटायचं, आता कधीतरी तुम्ही माझ्याकडे बघून काहीतरी सांगाल. डोळ्यांनी सांगाल. एक दिवस तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मी जवळ जाऊन बसले. तुम्ही बोट उचललंत. माझ्यामागे खिडकी उघडी होती, ती लावायची होती.

आता पुढचं. तुम्ही इथे नव्हतात, म्हणून सविस्तर सांगते.

नितीनने सुप्याच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि क्लास सुरू केला. तुमचीच खोली, तुमचाच फळा. पोरं आली, निम्मी तुमच्या नावावर आली. नितीनचं इंग्रजी चांगलं आहे पण त्याला पोरं घाबरत नाहीत, त्यामुळे तो तुमचा आवाज काढतो. हुबेहूब काढतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. कोमल धावत आली.

कोमल खर्डा गावची. बारावी होऊन कॉलेजचं एक वर्ष झालं आणि लग्न झालं. तिचं इंग्रजी मी ऐकलं आहे, मोबाईलवर मैत्रिणींशी बोलते तेव्हा. तुमची ती चार क्रियापदं तिच्या पुस्तकात येऊन गेलेली. बाहेर जाऊन ती स्वतः तो धडा शिकवू शकली असती.

दिवाळीची सुट्टी संपली. त्या दिवशी सकाळी नितीन पोहे खाताना तिला म्हणाला, आज तो धडा आहे, हाक मारली की बाहेर ये, दोनच मिनिटं. ती म्हणाली, "काय करायचं?" तो म्हणाला, "आईला विचार, तिला सगळं माहीत आहे."

ती माझ्याकडे आली. "आई, काय करायचं असतंय?"

मी म्हटलं, "काय न्हाई. झाडायचं."

"एवढंच व्हय?" ती हसली. मग म्हणाली, "साडी नेसू का? ड्रेस चालंल?"

मी भाजीची जुडी सोडायला घेतली. ती आत गेली आणि साडी नेसून आली. केस विंचरले, टिकली लावली. मीही त्या दिवशी चांगलं लुगडं नेसायची. दुसऱ्या वर्षापासून. सगळे बघणारच आहेत तर निदान नीट दिसावं म्हणून. कोमलही तशीच तयार झाली होती. ती कणीक मळायला बसली, पदर खोचून, डाग पडू नये म्हणून जपून. बाहेर पोरं आली, प्रार्थना झाली, नितीन शिकवायला लागला. मी भाजी निवडत होते. निवडलेली भाजी परत निवडत होते.

"कोमल, जरा ये गं बाहेर."

तुमचाच आवाज. ती उठली, हात धुवायला वळली. मी म्हटलं, "तू बस." ती म्हणाली, "आवो आई, ते बोलवतेत." मी म्हटलं, "बस म्हणते ना."

आणि मी बाहेर गेले. जाताना मला माहीत नव्हतं मी काय करणार आहे. पोरं उभी राहिली. नितीनचा चेहरा उजळला. त्याला वाटलं आई स्वतःहून आली, बाबांची आठवण म्हणून. तो पोरांना म्हणाला, "बघा, ह्याच त्या. तुमच्या मोठ्या भावाबहिणींनी सांगितलं असेल ना?" पोरं माझ्याकडे बघून हसली. ओळखीचं हसली.

त्याने कोपऱ्यातला झाडू माझ्यापुढे धरला आणि आवाज चढवून ते तुमचं रागाचं इंग्रजी म्हटलं. मी झाडू घेतला नाही. त्याने परत म्हटलं, अजून मोठ्याने. तसाच धरून राहिला.

"न्हाई," मी म्हटलं.

त्या खोलीत मी पहिल्यांदा बोलले. तुमच्या चारही वाक्यांत माझ्या तोंडी शब्द नव्हता, त्यामुळे तिथे माझा आवाज कसा लागतो ते मलाही माहीत नव्हतं. बारीक लागला. मागच्या पोरांना ऐकू गेला नसेल.

नितीन हसून म्हणाला, "आई, अगं नाटक आहे ते."

"म्हाईत हाय मला. लई वर्सं केलंय."

"मग?"

"मी न्हाई करणार. आन् कोमलबी न्हाई करणार. कधीच न्हाई."

त्याचा हात खाली आला. कान लाल झाले. तो माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आई, मुलं बघतायत."

"बघू दे."

मी वळले आणि आत आले. मला कोणी जा म्हटलं नव्हतं. मागे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या बांगड्याच तेवढ्या वाजत होत्या. आत कोमल तशीच उभी होती, हाताला कणीक.

तुम्हाला वाटेल मी काही मोठं केलं असं मला वाटतंय. नाही वाटत. नितीन दुपारी जेवायला आला नाही, रस्त्यावरच्या हॉटेलात जेवला, माझ्या पोराने गावात असून हॉटेलात जेवण केलं. संध्याकाळी तो कोमलवर चिडला, तूच आईचे कान भरलेस म्हणाला. तिने शपथ घेतली तरी त्याला पटलं नाही. ती माझ्यापुढे रडली. "आई, मी केलं असतं की. दोन मिनटाचं काम. आता ते माझ्याशीच बोलंनात." मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती बाजूला झाली आणि ताटं घासायला लागली. तिच्यासाठी मी केलं आणि सोसावं तिलाच लागलं, हे मला आधी सुचलं नव्हतं. घरात अजून नीट बोलणं नाही. नितीन तो धडा फळ्यावर शिकवतो आहे. पोरांना कळत नाही, परत परत चुकतात, ते मला आत ऐकू येतं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, मी आले की कळायचं.

काल नितीन माझ्याजवळ येऊन बसला. भांडायला नाही. त्याने नुसतं विचारलं, "आई, बाबा असते तर तू असं केलं असतंस का?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हाला देते.

नसतं केलं. तुम्ही हाक मारली असती आणि मी हात पुसत बाहेर आले असते. तुम्ही म्हणाला असतात की आता सुनेची पाळी, तर मीच कोमलला हाताला धरून दारापर्यंत आणलं असतं आणि तिच्या कपाळावरची बट मागे सारली असती. तुम्ही गेलात म्हणून मला ते जमलं. हे कोणापुढे बोलायची सोय नाही. लोक तुमच्या फोटोला हार घालायला येतात, मी चहा करते, डोळे पुसते. ते पुसणं खोटं नाही. तुमची जागा रिकामी आहे आणि ती मला रोज दिसते, पहाटे, चहाच्या वेळी, खिडकी लावताना. आलेल्या बायका फोटोकडे बघून म्हणतात, सर, परत या हो. मग त्या माझ्याकडे बघतात, मीही तसं म्हणावं म्हणून. मी हात जोडते, तुमच्या डोळ्यांकडे बघते, आणि तेवढं एक म्हणत नाही.